बॉयलरची वायर कोणी जोडली

माझा मुलगा अतुल कॉम्प्युटरवर काहीही करो, साधा बल्ब बदलताना त्याचे हात थरथरतात. मी त्याची आई, मला ठाऊक नाही तर कुणाला?

सून सुलेखा मात्र अस्सल कारागीर. नागपूरला होती तेव्हा पाच वर्षं कारखान्यात कंट्रोल पॅनलचं वायरिंग करायची. लग्न होऊन इकडे अमेरिकेत, रेडमंडला आली आणि व्हिसावर नोकरीची परवानगी नाही, म्हणून नऊ वर्षं पोळ्या लाटत बसली. यंदा एकदाचं वर्क परमिट आलं. पण इतकी वर्षं घरी बसलेल्या बाईला काम देतंय कोण!

त्यात घर गरम ठेवणारा गॅरेजमधला बॉयलर बिघडला. खोल्या तापल्या की तो विझायचा, त्याच क्षणी गरम पाणी घरभर फिरवणारा पंपही थांबायचा आणि आत अडकलेलं पाणी ठणठण आवाज करत उकळत राहायचं. मी तर घाबरूनच गेले.

"आई, गॅस बंद केला तरी तव्यावरची पोळी करपतेच ना?" सुलेखा म्हणाली. "तसंच आहे हे. बॉयलर विझल्यावरही पाच मिनिटं पंप फिरायला हवा. त्यासाठी कायम चालू असणारी वेगळी वायर लागते. नवा पंप बसवून गेलेल्या माणसाने ती जोडलीच नाही."

दोन दिवस ती खपत होती. टॉर्च मी धरला. एकेका वायरीला नंबराची चिठ्ठी लावली पोरीने. शेवटी बॉयलर विझला आणि पंप आपला फिरतोच आहे! बाई गं, काय फुलला होता तिचा चेहरा!

इथे घरच्या वायरिंगलाही सरकारी परवाना लागतो. तो अतुलच्या नावावर, म्हणून काम तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरला त्याने "मीच केलं" असं सांगितलं. कागदापुरतं खोटं, म्हणून आम्ही दोघी गप्प बसलो. तिथेच चुकलं.

अतुलचा मित्र विक्रम हीटिंगच्या कंपनीत आहे. त्याला वायरिंगचं माणूस हवं होतं. सुलेखाने काम दाखवायचं म्हणून त्याला मुद्दाम जेवायला बोलावलं. त्याने बॉयलरच्या वायरिंगचा बॉक्स उघडला आणि बघतच राहिला.

"यार अतुल, एकदम प्रो काम आहे! कोणी केलं?"

"आपणच!" अतुल छाती काढून म्हणाला. मेल्याला कौतुकाची नुसती हाव.

सुलेखाचा चेहरा पांढराफटक पडला. "मी केलंय ते," ती म्हणाली. अतुल मोठ्याने हसला, जणू बायको थट्टाच करतेय. तेव्हा ती माझ्याकडे वळली. "आई, तुम्ही होतात ना? तुम्ही सांगा."

चार शब्दांचं तर काम होतं. पण पोटच्या पोराला मित्रासमोर खोटं पाडायचं कसं? "अतुल लहानपणापासूनच हुशार हो," मी म्हणाले. जीभ कशी झडली नाही माझी!

निघताना विक्रम म्हणाला, "वहिनी, बघतो मी. पण नऊ वर्षांचा गॅप आहे. या कामात हाताला सवय असावी लागते."

सुलेखा गॅरेजमध्ये जाऊन बॉक्सचं झाकण लावून आली.

तिने माझं काही कमी केलेलं नाही. वेळेवर चहा देते, गोळ्यांची आठवण करते. फक्त त्या दिवसापासून मला "आई" म्हणत नाही.