गंजातलं पाणी

दुःखाशिवाय गाणं होत नाही असं कुठेतरी ऐकून मी एकदा रडत्या घरी दुःख उसनं आणायला गेले होते. शेजारणीकडे वाटीभर साखर मागायला जावं, तशी. आणि ते घर माझ्या मोठ्या जावेचं होतं.

लग्न होऊन मी कामठ्याजवळच्या या गावात आले, तेव्हा धानाच्या रोवण्यात, भाताच्या लावणीत, गाणं उचलायचा मान जाऊबाईचा होता. बांधीच्या खाचरात वाकलेल्या बायांची रांग असते. एकजण ओळ टाकते, बाकीच्या ती परत म्हणतात. त्या म्हणत असतात तेवढ्यात, चिखलात रोप दाबता दाबता, टाकणारीने पुढची ओळ शोधायची. जाऊबाईला ती सापडायची. कुठून, असं विचारलं तर म्हणायची, "मले काय माहीत वो. पाय मागं टाकला का येते."

मी आठवी शिकलेली. गाणं पायातून येतं हे मला कसं पटावं? मला तिची जागा हवी होती, म्हणून मी प्रतिभेच्या तयारीला लागले. जेवण कमी केलं. दुपारी बोडीच्या पाळीवर हनुवटीला हात लावून बसू लागले. बोडी म्हणजे आमचं लहानसं तळं, सासऱ्यांच्या वाडवडिलांनी खोदलेलं. कमळं होती, बगळे होते, सगळा सरंजाम होता. सुचलं काहीच नाही. एक म्हैस मागून येऊन माझा पदर चावून गेली. सासू म्हणाली, "पोट दुखते काय? दुखत असन त ओवा खाय." माझ्या कलेला मिळालेली पहिली दाद म्हणजे तो चमचाभर ओवा.

त्याच हंगामात जाऊबाईची लहान मुलगी बोडीत बुडाली. रोवण्याचे दिवस, मोठी माणसं सगळी बांधीत. पोर एकटी आंघोळीला गेली, आणि दुपारी तिला वर काढलं. एकटी का गेली हे कोणी विचारलं नाही. पोरं जातातच.

बाया जमल्या. मीही बसले. हात जाऊबाईच्या पाठीवर आणि कान आपल्या कामाला. आमच्याकडे बाया रडताना बोलतात, त्या बोलण्याला लय असते. जाऊबाई चुलीकडे पाहून एकच म्हणत होती, "गंज रिकामा, माय, गंज रिकामा." गंज म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचं मोठं भांडं. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्या काट्यामागून, सांगायला लाज वाटते, आनंद आला. ओळ मिळाली होती. घरी पोचेपर्यंत हरवू नये म्हणून ती ओठांत घोळवत आले. वाटेत कोणी भेटलं की पदर तोंडाशी धरायचा.

पण रिकामा गंज काही मनात भरेना. रिकाम्या भांड्यावर कोण रडतं? मग मी त्यात पाणी ओतलं, खाली जाळ लावला.

पुढच्या रोवण्यात जाऊबाई रांगेत आली, पण गाईना. रांग मुकी. मी ओळ टाकली:

गंजात तपलं पानी, माय,
न्हायाले येईन कोन?
धुऱ्यावरून गेली वाफ, माय,
तिले बोलावन कोन?

बाया रडत होत्या आणि रोवत होत्या. जाऊबाई हातातली रोपांची पेंडी टाकून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. मला वाटलं, जळली.

ते गाणं चाललं. लग्न होऊन मुर्रीकडे गेलेल्या पोरींनी तिकडेही नेलं. जाऊबाई दर हंगामात रांगेत असायची. दुसऱ्या गाण्यांना ओठ हलवायची, या गाण्याला नाही. स्वतः तर तिने पुन्हा कधीच ओळ टाकली नाही. जागा गेली की माणूस असंच आंबतं, असं मी मनात म्हणायचे.

पुढे माझा माणूस गेला. तेव्हा दुःख घरचंच होतं, उसनं आणायची गरज नव्हती. मी वाट पाहिली. एक ओळ आली नाही.

यंदा नात गोंदियाहून आली. ती मोबाईलवर गाणी बनवते, शब्दही तिचेच. अडलं की "आजी, मूड ही नहीं बन रहा" म्हणत पंख्याखाली पडून राहते. मला म्हैस आठवते. तिला माझं ते गाणं भरून घ्यायचं होतं, आणि त्यात मोठ्या आजीचाही आवाज हवा होता.

जाऊबाई आता ओसरीत बाजेवर असते. डोळे गेलेत, आवाज शाबूत आहे. नातीने मोबाईल तिच्यापुढे धरला. मी ओळ टाकली. जाऊबाई गप्प. मी पुन्हा टाकली.

"मोठी आजी, म्हण ना."

"नाई म्हणत."

"काऊन वो बाई?" मी म्हटलं. "जागेचा राग हाये काय अजून?"

"कोनती जागा?" ती म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं.

नातीने मोबाईल खाली ठेवला. जाऊबाई बाजेची दोरी चाचपत राहिली. मग म्हणाली, "त्या सकाळी तिनं गरम पानी मागतलं. मले रोवण्याले उशीर होऊन रायला होता. म्हटलं, आज थंड्यानंच न्हाय. त म्हने, थंड्यानंच न्हायचं त मी बोडीवर जाते."

मग माझ्यातली गाणारी तेवढ्यातही जागी झाली. मी म्हटलं, "बाई, मी ओळ बदलवते. गंज रिकामा करते."

"राहू दे," ती म्हणाली. "तुह्या गान्यात मी दरसाल पानी तपवलं वो. घरी नव्हतं तपवलं."