निळ्या दाराची खूण

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आईच्या पायाची जखम धुवायला मिशनच्या दवाखान्यातल्या परदेशी नर्सबाई रोज सायकलवरून भाट्याला आमच्या घरी यायच्या. पट्टी बांधून झाली की तिथेच गुडघे टेकून डोळे मिटायच्या. सारवलेल्या जमिनीचा डाग त्यांच्या पांढऱ्या झग्यावर उमटायचा, आणि मला प्रार्थनेपेक्षा त्या डागाचंच जास्त कौतुक. आमची नावं काही त्यांच्या लक्षात राहत नसत. आईला त्या नुसतं 'ताई' म्हणत.

बाबा तेव्हा बोटीवर नोकरीला होते आणि बरेच दिवस त्यांचं पत्र नव्हतं. एकदा आईने भीत भीत विचारलं, "आमच्या ह्यांच्यासाठीही मागाल का? पण तुम्हाला त्यांचं नावसुद्धा ठाऊक नाही."

"रोज मागते," बाई म्हणाल्या. "देवाला सांगते, निळ्या दाराच्या घरातला माणूस समुद्रावर आहे, त्याला घरी आण."

बाबा सुखरूप आले. तोवर बाई निवृत्त होऊन आपल्या देशी परतल्या होत्या. पुन्हा बोटीवर जाण्याआधी दार रंगवून टाकावं म्हणून बाबांनी हिरव्या रंगाचा डबा आणला. आईने तो उघडूच दिला नाही.

"निळाच आणा हो," ती म्हणाली. "बाई तिकडून अजून हीच खूण सांगत असतील."