नरकासुराचं तोंड

"ह्यां नाक मी खंय तरी बघलंय गे."

माझ्या मागे दोन बायका उभ्या होत्या, त्यांतली एक म्हणाली.

"नरकासुराचां नाक तू खंय बघतलंस? घोवाचां बघलं असशील," दुसरी म्हणाली आणि दोघी हसल्या.

"न्हय गे, खरांच," पहिली म्हणाली.

मी मागे वळले नाही. स्पीकर एवढ्या जोरात चालू होता की मला ऐकू आलंच नाही असं दाखवणं सोपं होतं.

दिवाळीची आदली रात्र होती. आमच्याकडे गोव्यात त्या रात्री कोणी झोपत नाही. वाड्यावाड्यावर पंधरा दिवस खपून नरकासूर बांधतात, रात्रभर लोक या वाड्यावरून त्या वाड्यावर तो बघत फिरतात आणि उजाडायच्या आधी त्याला जाळतात. पेडण्यात आमच्या वाड्याचा नरकासूर रस्त्याच्या वळणावर उभा असायचा. बांबूचा सांगाडा, आत भाताचं गवत, वरून गोणपाट आणि त्यावर चकचकीत कागद. त्या वर्षीचा विजेच्या तारेला लागेल एवढा उंच झाला होता. सगळं अंग मुलांनी बांधलं होतं. तोंड तेवढं मी केलं होतं, आणि ते वाड्यातल्या फक्त एका माणसाला माहीत होतं.

तो मुलांचा पुढारी. मोपाच्या पठारावर विमानतळाचं काम चालू होतं, तिथे तो सुपरवायझर होता. मी त्याला दादा म्हणायचे. आश्विन लागल्यावर एकदा तो आमच्या पडवीत आला, आईकडे चहा मागितला आणि ती आत गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "तोंड करतलो कोण ह्या वर्सा? बाजारातसून हाडूचां तर लाज आसा. तू चित्रां काडतंस न्हय?"

मी मान हलवली. कोणाला सांगायचं नाही, एवढंच बोलले. तो म्हणाला, "सांगूचां कित्याक? नरकासूर वाड्याचो."

ते खरंच होतं. नरकासूर कोणी केला असं विचारलं तर "वाड्यान" एवढंच उत्तर द्यायचं, ही आमची रीत. हात कुठला कोणाचा, ते बोलायचं नाही. जे जाळायचंच आहे त्यावर कोण आपलं नाव घालणार? पुढे पणजीत एका कलामहोत्सवात आम्ही वीसजणांनी मिळून जुन्या मासेमारीच्या जाळ्यांचं एक इन्स्टॉलेशन केलं. त्याच्या शेजारी आमची वीसही नावं छापून लावली होती. मी माझं नाव वाचलं आणि तिथून जरा लांब जाऊन उभी राहिले.

वाड्याचं तोंड इतकी वर्षं करायचे ते शेजारचे काका. ते पेडणे–म्हापसा बस चालवायचे. मी म्हापशाला इंग्रजी शाळेत जायचे, तेव्हा ड्रायव्हरच्या मागची खिडकी माझी असायची. ती कोणी कधी ठरवली नव्हती, पण दुसरं कोणी बसलं तर ते आरशातून बघायचे आणि तो माणूस उठायचा. शाळेत मी फारशी बोलत नसे, कारण तिथलं इंग्रजी बाकीच्या मुलींच्या घरचं होतं, माझ्या नव्हे. वाड्यावर मी बोलत नसे, कारण तोंड उघडलं की कोणीतरी म्हणे, "आयलां, म्हापशाचां इंग्लीश आयलां." बसमध्ये काकांनी मला कधी काही विचारलं नाही. मला ते फार बरं वाटायचं.

चतुर्थी झाली की गणपतीच्या चित्रशाळेतून ते उरलेली माती घेऊन यायचे. मागच्या अंगणात पाटावर मातीचं तोंड थापायचे, ते सुकलं की त्यावर खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवायचे. एक थर वाळला की दुसरा. असे सात-आठ थर झाले की माती काढून टाकायची, वर कागदाचं तोंड राहायचं. मी पट्ट्या फाडून द्यायचे. कात्रीने कापायच्या नाहीत, कडा दिसतात, हे त्यांनीच सांगितलं. एकदा मी मोठाले सुळे काढलेलं चित्र नेऊन दाखवलं. त्यांनी ते नीट बघून परत दिलं.

"राक्षसाचां तोंड केलां तर पोरां हासतत, बाय," ते म्हणाले. "माणसाचां केलां तर भियेतत."

त्या वर्षी आषाढात ते गेले. म्हापशाच्या स्टँडवर बस लावली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. उतारू उतरून गेले तरी कोणाला कळलं नाही.

मी चित्रशाळेतून माती आणली आणि आमच्या माळ्यावर, आईच्याही नकळत, तोंड करायला घेतलं, तेव्हा मनात काही नव्हतं. निदान पहिले दोन दिवस नव्हतं. तिसऱ्या दिवशी नाक डावीकडे वळलं. मी ते सरळ करायला गेले आणि हात थांबला. काकांचं नाक तसंच होतं. मग भुवईतली फट आपोआप आली, उजव्या गालाचं हाड वर आलं. आपोआप असं मी लिहिते आहे, पण ते खरं नाही. चौथ्या दिवशी मी मुद्दाम आठवत बसले होते. बसच्या आरशात दिसायचे तेवढेच डोळे मला पक्के पाठ होते, बाकीचं एकेक शोधून काढावं लागलं. वर लाल रंग बसेल, मिशी लागेल, सुळे लागतील, मग कोणाला कळणार आहे, असं मी स्वतःला सांगितलं. मला काका आणखी एकदा वाड्यावर उभे राहिलेले बघायचे होते. त्यापुढचा विचार मी केला नाही. नरकासुराचं पुढे काय करतात हे लहानपणापासून दरवर्षी बघणाऱ्या मुलीने तो करायला हवा होता.

दोन वाजून गेल्यावर कुजबुज वाढली. मुलं नरकासुराच्या पायांशी नाचत होती, एकाने रीतीप्रमाणे त्याच्या पोटावर चप्पल हाणली. बघणाऱ्यांतले काही हसले, काही हसले नाहीत. मग वाड्यातले सर्वांत जाणते आजोबा काठी टेकत पुढे आले आणि त्यांनी स्पीकर बंद करायला लावला.

"ह्यां तोंड कोणी केलां?" त्यांनी विचारलं.

सगळी मुलं दादाकडे बघू लागली.

"डोळे फुटले काय तुमचे? ह्यो आपलो ड्रायव्हर न्हय? त्याचां अजून वर्स जावूंक ना. गेलेल्या माणसाक परत एकदा जाळतलात? आनी त्याच्या घरासमोर?"

काकांचं घर रस्त्यापलीकडे होतं. सगळ्या वाड्यावर आकाशकंदील लागले होते, त्या घरावर नव्हता. वर्ष व्हायचं असल्यामुळे त्यांच्याकडे दिवाळी नव्हती.

"तोंड काढूया तर," एक मुलगा म्हणाला.

"बिनतोंडाचो नरकासूर जाळतत खंय? वाड्याक बरां न्हय तां," दुसरा कोणीतरी.

आजोबांनी पुन्हा विचारलं, "केलां कोणी, तां सांगा आधी. मस्करी केली, काय चुकान जालां?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मी ते तोंड मुद्दाम काकांचं केलं, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं. मी खाली बघितलं. माझी जीभ टाळूला चिकटली होती असं म्हणता येईल, पण ती नेहमीच तशी असते. त्या वेळी मला फक्त हवं होतं की ही वेळ टळावी.

"बाजारातसून हाडलां, आजोबा," दादा म्हणाला. "म्हापशातसून. सगळीं तोंडां एकाच साच्यातलीं. तुमकां दिसतां तशां."

आजोबा बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "बाजारातलां? बरां तर. जाळा," आणि परत जाऊन खुर्चीवर बसले. स्पीकर पुन्हा लागला. मला सुटल्यासारखं वाटलं, ते मी लपवणार नाही.

पहाटे आग लावली तेव्हा काकी आल्या होत्या. काकांची बायको. घरातून बाहेर न येता दारातून बघतील असं वाटलं होतं, पण त्या विजेच्या खांबाशी, अंगावर शाल घेऊन उभ्या होत्या. आग पायांतून वर चढली, पोटातले फटाके वाजले. तोंड सर्वांत शेवटी पेटलं. कागदाचे थर एकेक करून सुटत गेले, आणि लाल रंग जळून गेल्यावर आतला साधा कागद थोडा वेळ तसाच दिसत राहिला. त्या वेळी त्यावर ना मिशी होती ना सुळे. मी काकींकडे बघायचं टाळलं. लोक आंघोळीला घरी जाऊ लागले तेव्हा खांबाशी कोणी नव्हतं.

आमच्याकडे सकाळी आंघोळ झाल्यावर फोव खातात, म्हणजे पोहे. गुळाचे, दह्याचे, बटाट्याचे. ज्या घरात दिवाळी नसते तिथे शेजाऱ्यांनी नेऊन द्यायचे. आईने तीन वाट्या ताटात ठेवल्या, वर केळीचं पान घातलं आणि ताट माझ्या हातात दिलं. "तू व्हर," ती म्हणाली. "तुझ्यावर तेंचो जीव होतो."

काकी मागच्या अंगणात चुलीशी बसल्या होत्या. पाट भिंतीला टेकवून ठेवलेला होता. त्यांनी ताट घेतलं, मला बसायला सांगितलं, आणि वाट्या आपल्या भांड्यांत ओतू लागल्या. वाटी रिकामी परत करायची नाही म्हणून प्रत्येकीत चिमूटभर साखर घातली. त्यांचे डोळे लाल होते. धुरानेही असतील.

"एवढीं वर्सां ह्या अंगणात तोंड जालां," त्या म्हणाल्या. "चतुर्थी जाली की घर सगळां खळीन चिकचिकीत. मी बोंब मारी. ह्या वर्सा कोणी विचारूंक पण आयलो ना. सांचो खंय आसा, माती खंय आसा, कायच ना. बाजारातसून हाडलां म्हणे."

मी चुलीत एक काटकी सरकवली.

"हाडूं दी. पोरांक वेळ खंय आसा? माणूस गेलो, विसरलीं. तशांच आसतां तां." त्यांनी वाट्यांवर पान सारखं केलं आणि ताट माझ्या हातात दिलं. मग आवाज खाली आणून, जणू लाजल्यासारख्या म्हणाल्या, "तुका सांगतंय, कोणाक सांगू नको. काल लांबसून माका वाटलां, हेच उभे आसत. नाक, भुवई, सगळां. आग लागल्यार तर… मी पुढे सरणार होतंय. मग म्हटलां, पिशी जालंस काय गे तू? बाजारातलां तोंड तां. रांडमुंड बायलेक खंयंय आपलोच माणूस दिसता."

त्या हसल्या आणि पदराने नाक पुसलं.

मला उठून जाता आलं असतं. ताट हातात होतं, दाराजवळच होते मी. दादाच्या खोटं बोलण्याने रात्री मला वाचवलं होतं आणि आजोबांचंही समाधान केलं होतं. फक्त या घरात येऊन ते काय झालं होतं, ते मी समोर बघत होते. वाड्याने काकांना विसरून चार पैशांचं तोंड आणलं, आणि त्यांच्या बायकोला वेड्यासारखं भलतंच दिसतं. खरं सांगितलं तर मी त्यांच्या नवऱ्याला उभं करून चपला मारू दिल्या आणि जाळू दिलं, हेही सांगावं लागणार होतं. त्या मला घराबाहेर काढतील, असं वाटलं. काढलं तर काढू देत, असंही वाटलं.

मी ताट खाली ठेवलं.

"तुमी बरोबर बघलांत, काकी," मी म्हटलं. "तां बाजारातलां न्हय. मी केलां. तेंचांच केलां."