तिरप्या बोटीचा मिस्त्री

देवराव मिस्त्रीला काहीही काम सांगितलं की तो आधी पाण्यात जाऊन उभा राहायचा. चपला काखेत, पँट मांडीपर्यंत गुंडाळलेली, तोंडात सुपारी. अर्धा तास तसाच. बगळेसुद्धा त्याच्याआधी कंटाळून उडून जात. काठावरून मी ओरडायचो, "मिस्त्री, किती आहे पाणी?" तो स्वतःच्या पायांकडे बघून सांगायचा, "इथं पोटरी हाय. तिथं गुडघा. त्या बाभळीपाशी मांडी." उंची त्याची साडेचार फुटांची. त्याचा गुडघा म्हणजे माझी पोटरी. पण टेप काढून मोजा म्हटलं तर तो दुखावला जायचा. "टेपाले गाळ समजते का, भाऊ? पायाले समजते."

अशा माणसाच्या हातात मी माझी अब्रू दिली होती. माझ्यासारख्यानं! आर्वीच्या बाजारात मी डोक्यावर वांग्यांची टोपली नेत होतो तेव्हा पायात चप्पल नव्हती. आज त्याच बाजारात माझा स्वतःचा ओटा आहे. हे सगळं भाव करून मिळवलं आहे. मला आजवर कुणी खराब माल गळ्यात मारू शकलेलं नाही. एकदा सोडून. ती एकदाची गोष्ट या देवरावमुळे झाली, आणि आजही ती आठवली की माझे कान गरम होतात.

आमच्या गावाला लागून धरणाचं पाणी पसरलेलं आहे. हिवाळा सरता सरता ते ओसरतं आणि पलीकडे गाळाची जमीन उघडी पडते. त्या गाळावर आम्ही सात-आठ घरं टमाटे, वांगी, सांबार लावतो. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. माल सोन्यासारखा येतो. पण तो गाव आणि गाळाच्या मधल्या पाण्यातून आणायचा कसा? चालत जावं तर कमरेपर्यंत चिखलात रुतायला होतं. नाव घालावी तर ती तळाला टेकते. फेऱ्याचा रस्ता इतका लांब आणि खडबडीत, की टमाट्याचा रस्सा होऊनच तो सडकेला लागतो. त्या वर्षी सगळ्या घरांनी मला सांगितलं, "तुम्ही बोट चालवून दाखवा, सगळा माल तुमच्या ओट्यावर. नाही तर यंदा गाळावर बी टाकत नाही." मी हो म्हणून बसलो.

म्हणून मी रोहण्याला देवरावकडे गेलो. तो मूळचा कूलर बनवणारा. त्यानं आधी डिझेल इंजिनाला पंखा लावून तो पाण्यात सोडला. दहा हात गेल्यावर पंख्याला पाणवेली अशा गुंडाळल्या, की इंजिन खोकलं आणि मेलं. मग तो म्हणाला, "पाणी साथ देत नाई त हवेचं घेऊ." त्यानं कूलरचे दोन मोठे पंखे बोटीच्या मागे उभे केले. बोट हलली, हे खरं आहे. पण पंख्यापुढे शेवंताकाकूचा सांबार ठेवला होता. त्याच्या जुड्या सुटून अर्ध्या धरणावर हिरवा सडा पडला. शेवंताकाकू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काऊन रे देवराव, माशांचं वरण फोडणीले टाकून राह्यला का?"

देवराव पाण्यातच उभा होता. शांतपणे म्हणाला, "काकू, वास त चांगला येऊन राह्यला."

तिसऱ्या वेळी मात्र त्यानं जे सांगितलं ते मला पटलं. हे मी शत्रूबद्दलही खरं बोलतो. तरुणपणी तो सिंदीला एका जिनिंगमध्ये तेलपाण्याला होता. तिथं कापसातून निघालेली सरकी एका लांब स्क्रूनं पुढे ढकलतात. लोखंडी पाइप, त्याभोवती पत्र्याची पट्टी पीळ देऊन गुंडाळलेली. स्क्रू जागेवर फिरतो, सरकी पुढे सरकते. देवराव म्हणाला, "तिथं स्क्रू जागेवर राह्यते अन् सरकी चालते. इथं गाळ जागेवर राहीन, मंग स्क्रूले चालाच लागन. बोटीच्या खाली दोन लावू. वेली आल्या त कापन, गाळ आला त त्याच्यावरच चढन." मग हाताचं एक बोट वर करून म्हणाला, "फक्त एक ध्यानात ठेवजा. दोघाचा पीळ एकमेकाच्या उलटा पाह्यजे. नाई त बोट घरंगळते."

त्याची कंबर धरली होती, म्हणून सिंदीला भंगारवाल्याकडे मी एकटा गेलो. त्याच्याकडे बंद पडलेल्या जिनिंगचे तीन स्क्रू होते. दोन चकचकीत, पण एकाच पिळाचे. तिसरा उलट्या पिळाचा, तो गंजलेला आणि कडेनं खाल्लेला. भंगारवाला चकचकीत एक आणि गंजका एक, अशी जोडी माझ्यापुढे करू लागला, आणि भाव दोन्हीचा सारखा. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मले काय नवखा समजला का? मले जोडी एकसारखी पाह्यजे!" तासभर घासाघीस केली. शेवटी त्यानं हात जोडले. दोन चकचकीत स्क्रू मी टेम्पोत टाकले आणि पिळाचा प्रश्न वाटेतच सोडवला. एक स्क्रू टोकाकडून उलटा करून लावायचा, की त्याचा पीळ उलटा! इतकी साधी गोष्ट त्या मिस्त्रीला सुचली नाही, याचं मला रोहण्यापर्यंत हसू येत होतं.

देवरावनं दोन्ही स्क्रू पाहिले. त्यांवरून हात फिरवला. मी म्हणालो, "एक उलटा करून लावा, काम झालं." त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, सुपारी या गालातून त्या गालात सरकवली आणि म्हणाला, "लावतो."

बस्स. एवढा एकच शब्द. याच शब्दानं माझा घात केला.

बोट सोडायच्या दिवशी सगळं गाव काठावर होतं. पलीकडे टमाट्याचे कॅरेट भरून ठेवलेले, अलीकडे नागपूरचा ट्रक उभा. मी समोर बसलो, डोक्याला रुमाल बांधून. इंजिन सुरू झालं. स्क्रू फिरले, गाळ उडाला, बोट सुटली आणि पलीकडे न जाता लाटण्यासारखी तिरपी घरंगळत बाभळीकडे निघाली. माझं तोंड समोर, बोट कोपऱ्याकडे. बांबू लावून वळवली, तरी पुन्हा तिरपी. मागून शेवंताकाकूचा आवाज आला, "अवो, भाऊले सासुरवाडीची आठवण आली वाटते! तिकडंच चालले!"

पीळ नावाची गोष्ट स्क्रू कसाही फिरवला तरी बदलत नाही, हे मला तिथं, सगळ्या गावासमोर, पोटरीभर पाण्यात समजलं. बाटलीचं झाकणही घरी जाऊन पाहिलं. उलटं धरलं तरी आटे त्याच बाजूचे. त्या क्षणी मात्र मी हातातला पाना पाण्यात भिरकावला आणि देवरावला जे बोललो ते इथं लिहिता येत नाही.

तो आला. चपला काखेत, पँट गुंडाळलेली. माझ्या शिव्या संपेपर्यंत बोटीशेजारी उभा राहिला. मग म्हणाला, "भाऊ, उतरा." मी उतरलो. त्यानं माझ्या बसायच्या फळीचे चार बोल्ट काढले, फळी उचलली आणि बोटीच्या कोपऱ्यावर तिरपी बसवली. तोंड जिकडे बोट जात होती तिकडे, आणि तोच कोपरा ढकलून पलीकडच्या गाळाकडे केला. "आता बसा."

बसलो. काय करणार? ट्रक उभा होता. इंजिन सुरू झालं आणि बोट माझ्या नाकासमोर, दोरी ताणल्यासारखी सरळ पलीकडे गेली. येताना त्यानं इंजिनाच्या पट्ट्याला आठ आकड्यासारखा पीळ दिला, स्क्रू उलटे फिरले आणि आम्ही परत. दुपारपर्यंत एकूण एक कॅरेट ट्रकात होतं. एकही टमाटा फुटला नाही. देवराव काठावर सुपारी कातरत सगळ्यांना सांगत होता, "बोट बरोबरच होती. बसणारा चुकला होता."

या वाक्यासाठी मी त्याला कधी माफ केलं नाही. बोटीचं नाव 'तिरपी' पडलं. बाजारात गिऱ्हाइकं मला विचारू लागली, "भाऊ, वजन सरळ करता ना?" पुढे सगळी वर्षं माल माझ्याच ओट्यावर आला, हेही खरं. पण मी देवरावशी बोलणं टाकलं. त्याला सगळं ठाऊक होतं, त्यानं मुद्दाम मला गावासमोर उघडं पाडलं, असं मी मनात धरून बसलो.

मागच्या वर्षी तो समुद्रपूरला, लेकीकडे अंथरुणाला खिळल्याचं कळलं. मी एसटीनं गेलो. विचारपूस करायला नाही, जाब विचारायला. तो आणखी आखडला होता. खाटेवर अर्धी जागा रिकामी. मी थेट विचारलं, "मिस्त्री, त्या दिवशी पीळ बदलत नाही हे तुम्हाला माहीत होतं की नाही? खरं सांगा."

तो छताकडे पाहत बराच वेळ थांबला. पाण्यात थांबायचा तसाच. मग म्हणाला, "तुम्ही एवढ्या जोरानं सांगतलं, मले बी खरंच वाटलं."

आणि हसला. दात उरले नव्हते, त्यामुळे ते हसणं खरं की खोटं, हे मला ओळखता आलं नाही. जन्मभर लोकांचे चेहरे पाहून भाव केले. या एका चेहऱ्यापुढे हरलो. निघताना लेक म्हणाली, "काका, पुन्हा येजा." मी हो म्हणालो. पुन्हा जायच्या आत तो गेला.

यंदा पाणी ओसरायच्या सुमारास सिंदीचा तो भंगारवाला दारात आला. टेम्पोत तिसरा स्क्रू, उलट्या पिळाचा. गंज घासून काढलेला. म्हणाला, "दुकान बंद करून राह्यलो, भाऊ. याले कोणी नेत नाई. तुमच्या बोटीची गोष्ट ऐकली. फुकट ठेवा. एक बदलला की बोट सरळ होईन, फळी बी जागेवर."

फुकट मिळालेली वस्तू मी आयुष्यात कधी सोडलेली नाही. मी स्क्रूवरून हात फिरवला. चांगला होता. मग काठावर बांधलेल्या तिरपीकडे पाहिलं, तिच्या कोपऱ्यातल्या फळीकडे पाहिलं, आणि माझं डोकं फिरलं.

"ने वापस," मी ओरडलो. "तुले तेव्हाच सांगतलं होतं. मले जोडी एकसारखीच पाह्यजे!"