पंचघराचे अकरा धागे

“भिंत सरकली म्हणतेत, मंग दरवाजा काहून नाही अडकून राहिला वं?”

हे मला उद्देशून नव्हते. ठाण्याच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या, हरवलेल्या रेशनकार्डाची नोंद करायला आलेल्या. त्यातली वयस्क बाई दुसरीच्या कानाशी लागून बोलत होती. मी समोरच्या टेबलावर मान खाली घालून आवक रजिस्टर भरत होते. पुढे नोकरीत बरीच मोठी प्रकरणे हाताळली, पण माझा पहिला खरा तपास त्या कुजबुजीपासून सुरू झाला आणि तो अजून मनातून गेलेला नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी नवी फौजदार, नागपूरच्या जुन्या भागातल्या ठाण्यात एकटीच स्त्री अधिकारी. खाकी साडी चापूनचोपून नेसता यायची, पण चार माणसांसमोर तोंड उघडता यायचे नाही. शिक्षण इंग्रजी शाळेत झालेले, घरी पुस्तकी मराठी, आणि ठाण्यातला सगळा कारभार नागपुरी बोलीत. मी बोलायला लागले की समोरचा हसू दाबतो आहे असे मला वाटायचे. म्हणून मी ऐकायची. ठाण्यात माझे काम ठरून गेले होते: बायकांच्या तक्रारी आणि इंग्रजीत आलेली पत्रे.

तसे एक पत्र दोनच दिवसांपूर्वी आले होते. आमचे हवालदार पारशिवनीकडचे, पंचवीस वर्षे नोकरी झालेले. त्यांनी ते माझ्यापुढे ठेवले. “पाहा बरं मॅडम, गोरा साहेब गेला, पण त्याची चिठ्ठी काही येनं थांबत नाही.”

पत्र इमारतींची तपासणी करणाऱ्या कार्यालयाचे होते. विणकरांच्या वस्तीतले ‘पंचघर’ धोकादायक ठरले आहे, पावसाळ्याआधी ते पाडायचे आहे, तरी आठ दिवसांनी पोलीस बंदोबस्त मिळावा. कारण एका ओळीत दिले होते: मुख्य भिंत सरकत असल्याचे वस्तीच्या समितीच्याच नोंदवहीवरून सिद्ध होते.

म्हणून ती कुजबुज ऐकून माझे पेन थांबले. मी उठून बाकापाशी गेले आणि विचारले, “कोणता दरवाजा, मावशी?”

मावशी पदर सावरू लागली. पोलिसाने आपणहून काही विचारले की माणूस आधी आपलेच काही चुकले का ते आठवतो. मी रेशनकार्डाची नोंद पुरी करून दाखला हातात दिला, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. “पंचघराचा. रोज सकाळी मीच उघडते, झाडून काढते. आताबी एका बोटानं उघडते तो. चौकट त्याच भिंतीत आहे ना! भिंत हालली असती तं मले दरवाज्याले खांदा लावा लागला असता.”

आमच्या इन्स्पेक्टर साहेबांकडे मी बंदोबस्ताची जागा पाहून येण्याची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, “पाहून या. फक्त उगाच कोणाला काही बोलू नका.” मग स्वतःच हसले. “तुम्हाला काय सांगायचं म्हणा!”

पंचघर म्हणजे विणकर समाजाची बैठकीची इमारत. भोसल्यांच्या काळात या वस्तीत येऊन राहिलेल्या पूर्वजांनी बांधलेली. सोळा सागवानी खांब, प्रत्येकावर वेगळ्या किनारीची नक्षी, म्हणजे ज्या घराने खांब दिला त्या घराच्या लुगड्याची किनार. लग्ने तिथेच ठरायची, भांडणे तिथेच मिटायची. पंचघर, शेजारची पायऱ्यांची विहीर आणि वस्तीची जुनी वेस, या तिन्हींची राखण पाच जणांची समिती करत असे. चौघे विणकर आणि एक निवृत्त मास्तर. अध्यक्ष म्हातारे बुवा होते, हातमागावर पाठ वाकलेली.

मे महिन्याचे ऊन होते. बुवांनी मला माठातले पाणी दिले आणि समितीचे काम दाखवले. असे काम मी कुठे पाहिले नव्हते. भिंतीला जिथे तडा, तिथे त्यांनी आडवा धागा ताणून दोन्ही टोके डिंकाने चिकटवलेली. मागावरच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, देतात तशी खळ त्या धाग्याला दिलेली, म्हणजे वाळल्यावर तो तारेसारखा कडक होई. दर रविवारी दोन सभासद फेरी मारत. धागा शाबूत, तर तडा जिथल्या तिथे. तुटला, तर भिंत सरकली. तुटलेला धागा काढून, तारीख घालून, मास्तर तो नोंदवहीत डकवत आणि भिंतीवर नवा लावत.

“मागावर धागा तुटला का आमाले न पाहता कळते,” बुवा म्हणाले. “तसंच भिंतीचंबी कळलं पाहिजे म्हणून हे. माया बापाच्या वेळपासून आहे.”

मी नोंदवही मागितली. मागच्या नऊ वर्षांत तीन धागे तुटलेले. गेल्या पाच आठवड्यांत अकरा.

“मास्तरांनी वही तपासनीच्या हापिसातल्या साहेबाले नेऊन दाखवली,” बुवा खाली पाहत म्हणाले. “लपवावं कसं? खोटं लिहावं तं समिती कायले पाहिजे? आता त्याच वहीवर घर पाडून राहिले.”

मास्तर शेजारीच उभे होते. त्यांचे डोळे भरले होते. त्यांच्या प्रामाणिकपणानेच ही पाळी आणली होती आणि वस्तीतले काही लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले होते.

मी वहीतले धागे पाहत बसले. शाळेत आम्हाला शिवणकाम शिकवणाऱ्या बाई होत्या, धागा हाताने तोडला की बोटावर पट्टी मारायच्या. त्यामुळे धाग्याच्या टोकाकडे पाहण्याची मला सवय होती. जुने तीन धागे एकसारखे: टोक आखूड, केसाळ, पीळ शेवटपर्यंत घट्ट. नवे अकरा धागेही एकसारखे, पण वेगळे. टोकाजवळ पीळ उलगडलेला, आणि टोक लांब, बारीक होत गेलेले.

मी वही मिटून उठले. बाहेर ओट्यावर मावशी चरख्यावर सूत गुंडाळून कांड्या भरत होती. तिला म्हटले, “मावशी, एक धागा तोडून दाखवता?”

तिने धागा दोन्ही हातांच्या चिमटीत धरला, पिळाच्या उलट फिरवला आणि अलगद ओढला. आवाजही झाला नाही. टोक लांब आणि बारीक.

“असं काहून तोडता?” मी तिच्याच बोलीत विचारून पाहिले.

ती खदखदून हसली. “आता कसं शहाण्यावानी बोलली! मंग कसं तोडू? झटका देला तं बोट कापते. अन् असं तोडलं का जोडाले सोपं जाते. आमच्यात लेकराले आधी हेच शिकवतेत.”

भिंत पीळ उलगडून धागा तोडत नाही. ते माणसाचे हात होते, आणि तेही विणकराचे. दुसऱ्या कोणी केले असते तर कात्री लावली असती किंवा झटका दिला असता. या माणसाने लबाडी करतानाही धागा, जन्मभर तोडला तसाच, पुन्हा जोडता येईल असा तोडला होता.

ठाण्यात येऊन साहेबांना सांगितले. इतके एका दमात मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते म्हणाले, “तुमची खात्री मला पटते. पण कागदावर काय येणार?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन पंच घेऊन गेलो. दोन्ही पंच वस्तीबाहेरचे, एक किराणा दुकानदार आणि एक सायकल दुरुस्तीवाला. पंचघराच्या दरवाज्याच्या दोन फळ्यांवर खळ दिलेले पाच धागे आडवे चिकटवले. उन्हात ते तासाभरात वाळले. मग हवालदारांनी, भिंत सरकावी तशी, एक फळी हळूहळू मागे ढकलली. पाचही धागे तुटले. टोके आखूड, केसाळ, पीळ घट्ट. मग समितीबाहेरच्या चार विणकरांकडून हाताने धागे तोडून घेतले. टोके लांब, बारीक. सगळे नमुने कागदावर डकवून, सह्या घेऊन, मी पंचनामा लिहिला.

आता प्रश्न उरला तो कोणाचे हात, एवढाच. पंचघराच्या किल्ल्या समितीच्या पाचही जणांकडे होत्या. हवालदार एकेकाला ठाण्यात बोलावून प्रश्न विचारत, मी कोपऱ्यात बसून जबाब लिहीत असे. विचारण्याआधी मी एकच करायची: नोंदवही त्या पानावर उघडून माणसासमोर ठेवायची.

बुवांनी वही उचलून खिडकीपाशी नेली, डोळे बारीक करून एकेक धागा न्याहाळला आणि मटकन खाली बसले. त्यांना न सांगता कळले; भिंतीच्या धास्तीत टोकाकडे आजवर कोणी पाहिलेच नव्हते. मास्तरांना काहीच कळले नाही, तरी तेही वाकून पाहत राहिले. तिसऱ्याने धाग्यावर बोट फिरवले. चौथ्याने “हे तं हातानं तोडलं!” म्हणून शिवी हासडली आणि माझ्याकडे पाहून जीभ चावली.

पाचवा चाळिशीचा होता. दोन वर्षांपूर्वी त्याचा माग बंद पडला होता. हवालदारांच्या प्रश्नांना त्याने नीट उत्तरे दिली, किती वाजता कुठे असतो ते सांगितले, घरची माणसे सांगितली. वहीकडे मात्र त्याने एकदाही पाहिले नाही. विणकरासमोर धागा ठेवावा आणि त्याची नजर तिकडे जाऊ नये, हे मला पटेना. हवालदार आवाज चढवणार, तोच मी हाताने खूण केली. ते थांबले. मी पेन खाली ठेवले आणि त्याच्याकडे पाहत नुसती बसून राहिले. गप्प बसणे मला इतरांपेक्षा चांगले जमत असे; त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचा उपयोग झाला.

पंखा तेवढा करकरत होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “मी भिंतीले हात नाही लावला, मॅडम. तिथं माया आज्याचा खांब आहे. म्या फक्त धागे तोडले.”

मग सगळे बाहेर आले. त्या जागेवर डोळा ठेवून असलेल्या एका ठेकेदाराने त्याला सांगितले होते की इमारत गेली की तिथे दुकाने होतील, कोपऱ्यावरचे तुझे. भिंत पोखरायला आधी सांगितले. ते त्याच्याने होईना. मग समितीची पद्धत त्यानेच ठेकेदाराला सांगितली होती, आणि धागे तोडण्याची युक्ती त्यातून निघाली. हवालदारांनी कपाळावर हात मारला. “अरे बाबू, दुकान भेटलं असतं, पन बसला कुठं असता गा? ज्या घरात तुयं लगन लागलं, ते पाडून?” तो लहान मुलासारखा रडला.

दोघांवर फसवणुकीचा आणि कटाचा गुन्हा नोंदवला. न्यायालयात बुवांनी साक्ष दिली, खरी तीच दिली, आणि शेवटी त्याच्यासाठी दयाही मागितली. ठेकेदाराला जास्त शिक्षा झाली, त्याला कमी. शिक्षा भोगून परत आल्यावर समितीने त्याला वाळीत टाकले नाही. रविवारच्या फेरीत त्याला पुन्हा घेतले, फक्त एकटा पाठवला नाही. मला आधी हे चुकीचे वाटले. पुढे बरीच वर्षे गुन्हेगार पाहिल्यावर वाटेनासे झाले.

या प्रकरणाने मला शिकवले ते तपासाबद्दलच होते. माणूस जिभेने खोटे बोलतो, पण हाताची सवय खोटे बोलू शकत नाही. म्हणून मी पुढे कायम माणसाचा धंदा आधी विचारला आणि नाव नंतर. दुसरे असे की प्रामाणिक नोंद ठेवणाऱ्याला कधी कधी तीच नोंद अडचणीत आणते. तरीही ती ठेवावी, कारण तीच त्याला सोडवते. मास्तरांनी ते अकरा धागे फेकून दिले असते तर आमच्या हाती काही उरले नसते. आणि मी ज्याला माझा दोष समजत होते, ते न बोलणेही वाया गेले नव्हते. पण नुसते तेवढ्यावर भागतही नाही, हेही त्याच आठवड्यात कळले.

कारण पाडकामाचा हुकूम अजून कायम होता. ठरलेल्या दिवसाच्या आदल्या सकाळी तपासणी कार्यालयाचे अभियंता साहेब पंचघरात आले. आमच्या इन्स्पेक्टर साहेबांनी पंचनामा माझ्या हातात दिला. “तपास तुमचा. वाचा तुम्हीच.” मी वाचला, कागदावरून नजर न उचलता. हाताने तोडलेले आणि आपोआप तुटलेले धागे अभियंत्यांनी भिंग लावून पाहिले, भिंत सरळ आहे का ते पाहायला ओळंबा सोडला, शेवटी दरवाजा एका बोटाने उघडून-लावून पाहिला. मग टेबलावर कागद ओढून इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद मला दिला. ते परगावचे होते, मराठी मोडकी. “तुम्हीच सांगा लोकांना,” एवढेच म्हणाले.

बाहेर सगळी वस्ती उभी होती. माग थांबले होते, त्यामुळे इतकी शांतता की चिमण्या ऐकू याव्यात. बुवा काठी टेकून पुढे, मास्तर त्यांच्या मागे, अंग चोरून. मी पायरीवर आले, कागदाकडे पाहत काहीतरी पुटपुटले. कोणालाच ऐकू गेले नाही.

“मोठ्यानं सांग ना वं माय!” मावशी गर्दीतून ओरडली. “पाडतेत का नाही?”

मी कागद खाली केला, मास्तरांकडे पाहिले आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच रस्त्याच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, “नाही पाडत! मास्तरांची वही खरी आहे, तुमची भिंत पक्की आहे, अन् पंचघर इथंच उभं राहते!”