बेबीने भरलेली सुई

बेबी खंडाते माझ्या दवाखान्यात एकवीस वर्षं होती. तिला कंपाउंडर म्हणा नाहीतर नर्स म्हणा, सर्टिफिकेट दोन्हींचं नव्हतं. नववी पास, आणि माझ्याकडे यायच्या आधी एका हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात आया. तरी जबलपूरच्या महाराजपुरा भागातल्या बायका दारातून विचारायच्या, "बेबी दीदी हैं क्या?" डॉक्टर आहेत का, हे कोणी विचारत नसे. मला याचा राग यायचा. खोटं कशाला सांगू, थोडा अजूनही येतो.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की दवाखान्यात उलट्या-जुलाबाच्या पोरांची रांग लागे. प्रत्येक आईचं एकच म्हणणं, पाणीसुद्धा पोटात टिकत नाही. टिकणार कसं? तहानलेलं पोर पेलाभर पाणी घटाघटा पितं आणि चिडलेलं पोट ते तसंच बाहेर फेकतं. बेबीकडे दूधवाल्याचं एक लिटरचं माप होतं. त्यात मोजून पाणी घ्यायची, ओआरएसची आख्खी पुडी टाकायची आणि आईला बाकावर घड्याळासमोर बसवायची. "दो मिनट में एक चम्मच. रोए तो रोने दो, घड़ी देखो." उलटी झालीच तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमच्यापासून सुरुवात. पोरानं शू केली की तिचा चेहरा असा खुलायचा की जणू तिनंच कोणाला तरी बोर्डात पहिलं आणलं.

आता मोठमोठे डॉक्टर हेच सांगतात. फार उलट्या असतील तर उलटी थांबवणाऱ्या नव्या औषधाचा एखादा डोस तोंडानं द्यायचा आणि बाकी सगळं चमच्यावर सोडायचं. पण मी जुन्या वळणाचा. बाकावर तास-तासभर बसलेल्या बाया मला दवाखान्याची अडचण वाटत. लोकांना सुई हवी असते, मी सुई देत होतो. माझं नाव त्या सुईवरच झालेलं.

आणि आमच्या मराठी घरांची एक रीत होती. जबलपुरात आम्ही पिढ्यान् पिढ्या राहिलो तरी मोजकेच, सगळे एकमेकांना धरून. आपल्या माणसाकडून मी फी घेत नसे. फी नाही म्हणून केसपेपर नाही, केसपेपर नाही म्हणून चिठ्ठी नाही. घरच्याला कोण कागद लिहून देतं? या रीतीचा मला केवढा अभिमान होता!

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. बाबाराव दुधलकर माझा जुना स्नेही, वाहन कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याची सून प्रणोती संध्याकाळी यशश्रीला घेऊन आली. पोर दीड वर्षाची, सकाळपासून सात-आठ उलट्या. डोळे थोडे खोल गेलेले, पण अंगात रग होती, माझा स्टेथोस्कोप ओढत होती. बेबीनं माप उचललंसुद्धा. मला आमच्या मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमीला जायचं होतं. सासऱ्याचं काम होतं माझं, तीन वाक्यांचं.

"सुई दे," मी म्हणालो.

"किती भरू? लहान आहे साहेब, थोडीशीच..."

"पूर्ण भर. लवकर थांबेल."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि भरली. टोचली मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशश्रीची मान मागे वळली, डोळे वर चढले, जीभ बाहेर आली. घरच्यांनी तिला रिक्षात घालून एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. पोचेपर्यंत सगळं उतरलं होतं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, काल कोणती सुई दिली? कागद नव्हता. प्रणोतीनं मला फोन लावला.

मला तत्क्षणी कळलं होतं. त्या औषधानं लहान मुलांना असं होतं, डोस जास्त झाला तर हमखास. पोर शुद्धीत असतं, रडत असतं, ती मिरगी, म्हणजे फेफरं, नसते. हे मी कॉलेजात शिकलो होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "साधीच गं, उलटीची. त्यानं काही होत नाही."

मग तिथल्या डॉक्टरनं ती मिरगीच धरली आणि तिचं औषध सुरू झालं.

फोन ठेवला तेव्हा बेबी समोरच उभी होती. "साहेब, वॉर्डात पाहिलं आहे मी हे. ते सुईनं होते. फोन करा ना परत."

"करतो," मी म्हणालो. केला नाही. उद्या करू, औषध थोडेच दिवस चालेल, आपोआप बंद होईल. मी स्वतःला असं गाजर दाखवत राहिलो. ती सुई मात्र त्या दिवसानंतर एकाही पोराला दिली नाही. बेबीचं चमच्याचं राज्य दवाखान्यात बिनबोभाट चालू झालं. मला कळलंच नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा मी ठेवली नाही.

मधे एकदा तापात यशश्री थरथरली, तीही मिरगीच समजून औषध पुढे चालू राहिलं. पोर सुस्त झाली. केजीत बाईंसमोर बाकावर झोपायची. तिला झोपाळ्यावर बसायला बंदी, जिन्यावर एकटीनं चढायला बंदी, नर्मदेच्या पाण्यात पाय घालायला बंदी. मंडळाच्या गणपतीत बाकीची पोरं नाचत आणि ती प्रणोतीच्या मांडीवर बसून टाळ्या वाजवी. मी तिला प्रत्येक वेळी चॉकलेट द्यायचो. माझ्या हातून चॉकलेट घेताना ती हसायची, आणि मला तिथून पळून जावंसं वाटायचं.

बेबी दर दोन-तीन महिन्यांनी विषय काढी. "दुधलकरांकडे काहून नाही बोलून राहिले तुम्ही?" मी तिच्यावर खेकसायचो. एकदा तर, तू डॉक्टर आहेस की मी, असंही विचारलं. त्या दिवशी ती जेवली नाही, एवढं मला आठवतं.

गेल्या वर्षी बाबाराव फाईल घेऊन आला, सोबत प्रणोती. थकलेला दिसत होता. "डॉक्टर, ते मोठे डॉक्टर म्हणून राहिले की औषध वाढवू आणि अजून दोन वर्षं देऊ. तपासण्या तर सगळ्या नॉर्मल आहेत. तुम्ही घरचे, तुम्ही सांगा. वाढवू का?"

प्रणोती मधेच म्हणाली, "काका, यशश्री दिन भर सोती रहती है. मला भीती वाटते हो."

बेबी ट्रे पुसत होती. तिचा हात थांबला.

मी फाईल चाळली, चष्मा काढला, परत घातला. "तज्ज्ञ म्हणतात तर वाढवा," मी म्हणालो.

ट्रे टेबलावर आपटला. "नका वाढवू," बेबी म्हणाली. "तिला मिरगी नाही. त्या दिवशी सुईनं झालं होतं. साहेबांनी थोडीशीच सांगितली होती, मी पूर्ण भरली."

बाबाराव तिच्याकडे बघतच राहिला. मग माझ्याकडे वळला. "खरं आहे?"

बेबीही माझ्याकडे बघत होती. बाहेर बाकावर कोणाचं तरी पोर रडत होतं. खोलीत मला बोलायला भरपूर वेळ होता. इतका वेळ मला आयुष्यात कोणी दिला नसेल.

"मला... मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

बाबाराव तिला काय काय बोलला ते इथे लिहवत नाही. प्रणोती रडत होती. बेबीनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी औषधाचं नाव फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. "हे मोठ्या डॉक्टरला दाखवा. औषध एकदम बंद नका करू, ते सांगतील तसं." चार वर्षांत यशश्रीच्या नावानं आमच्या दवाखान्यातून गेलेला तो पहिला कागद.

ते गेल्यावर मी विचारलं, "खोटं काहून बोललीस?"

"थांबली होती मी, साहेब. तुम्ही बोललेच नाही." तिनं पिशवीत डबा टाकला. "तुमचं नाव गेलं असतं तर दवाखाना बंद झाला असता. माझं काय जाते?"

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मी तिच्या घरी गेलो, दोनदा. पहिल्यांदा तिनं चहा दिला. दुसऱ्यांदा दार उघडलं नाही. आता बड्या फुहाऱ्याच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालते असं ऐकलं. पोरांना चमच्यानं जगवणारे ते हात.

मोठ्या डॉक्टरनं औषध हळूहळू उतरवलं. सहा महिन्यांत बंद झालं. यशश्रीला परत काहीही झालं नाही, होणारच नव्हतं. बाकावर झोपणारी पोर आता वर्गात इतकं बोलते की तिची तक्रार येते.

मागच्या रविवारी दुधलकरांनी आम्हा सगळ्यांना भेडाघाटला नेलं. पोर पहिल्यांदा नावेत बसली. पाण्यात हात घालून ती किंचाळत होती, प्रणोती हसत हसत डोळे पुसत होती. मी समोर बसलो होतो, सन्मानाच्या जागी.

"डॉक्टर," बाबाराव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "त्या बाईला तुम्ही काढलं, लई चांगलं केलं. पोरीची चार वर्षं खाल्ली तिनं. आपला माणूस आपलाच असतो."

यशश्रीनं वळून विचारलं, "कोणी खाल्ली, आबा?"

"होती एक," बाबाराव म्हणाला. "विचार आपल्या डॉक्टर आजोबांना."

ती माझ्याकडे बघू लागली. ओले हात, मोठे डोळे, पूर्ण जागे. मी खिशात चॉकलेट शोधलं आणि तिच्या हातावर ठेवलं.