डावीकडे ओढणारी गाडी

त्या पांढऱ्या गाडीची आठवण झाली, की अजूनही माझे हात हवेतल्या हवेत स्टिअरिंग उजवीकडे वळवू लागतात. हसू नका, पुढचं ऐका.

गंगापूर रस्त्यावर शेअर जीपमधून उतरून गावाकडे पायी निघालेला एक कामगार घरी पोहोचला नव्हता. आमच्या पोलीस ठाण्यात तो बेपत्ता असल्याची 'मिसिंग' दाखल होऊन दुसरा दिवस उजाडला. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून होती. चहा दिला की म्हणायची, "ते आल्यावर घेते." येणारा-जाणारा प्रत्येक हवालदार तिची नजर चुकवत होता.

सकाळी बजाजनगरच्या एका गॅरेजवाल्या मिस्त्रीचा फोन आला. "साहेब, एक गाडी आलीय. डावीकडं लई ओढती. चाकांत हवा सारखी हाय, ब्रेकबी कुठं अडकून बसत नाय. चाक धरणारा आतला आर्म वाकलाय. दगडावर आदळल्याबिगर असा वाकत नाय."

"मग?"

"डाव्या चाकामागं चिंधी अडकलीय. निळ्या चौकड्याची. अन् कुंकू लावलंय, तेबी त्याच एका चाकाला!"

बेपत्ता माणसाच्या वर्णनात निळा चौकड्याचा शर्ट होता.

गाडीच्या मालकाला बोलावलं. जबाब ठरलेला, "कुत्रं आडवं आलं, साहेब. गाडीला बाधा झालीय, म्हणून नारळ फोडला."

"कुठं फोडला?"

"आठवत नाय."

तासभर विचारलं. आठवेना. मग ती जागा शोधायला मी त्याचीच गाडी काढली. स्टिअरिंगवर मी, शेजारी तो, मागे हवालदार आणि मिस्त्री. गंगापूर रस्त्याला लागलो, वेग बैलगाडीचा. मिस्त्री लोक करतात तसे मधूनमधून हात सोडत होतो. सोडले, की गाडी गुपचूप डावीकडे सरके. भर दुपारी अंगावर काटा आला. कोणीतरी बोट धरून नेत असल्यासारखं वाटत होतं. मालक मात्र शांत.

एक वाकडी बाभूळ दिसली. मालकाने एकदम झडप घालून स्टिअरिंग उजवीकडे ओढलं.

या वेळी मी हात सोडलेच नव्हते, गाडी सरळ चालली होती!

"साहेब, तिथं नको! तिथं हाक येती!"

"कसली हाक?"

"काल सकाळी नारळ फोडला, तर उसातनं आवाज आला. 'ओ दादा, पाणी...' मी मेलेल्याला टाकून गेलो व्हतो..."

मागून हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, भूत पाणी कशाला मागंल?"

मी ब्रेक मारला.

बाभळीखाली नारळाची करवंटी पडली होती. तिथून दहा पावलांवर, उसाच्या कडेच्या चरात, मांडीचं हाड मोडलेला माणूस डोळे उघडे ठेवून पडला होता. हाताला लागेल तेवढा ऊस त्याने चघळला होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, पण बोलला नाही. हाका मारून मारून आवाज संपला होता.

ठाण्यातून त्याच्या बायकोला जीपने थेट दवाखान्यात नेलं. तिथे तिने चहा मागितला.

मालकावर गुन्हा दाखल झाला. आर्म वाकला तो मैलाच्या दगडाने, हे पंचनाम्यात आलं. पण माझ्या मनात अजून घर करून राहिलंय ते त्या जखमी माणसाचं बोलणं. चौथ्या दिवशी आवाज फुटल्यावर तो म्हणाला, "नारळ फुटल्याचं ऐकलं, साहेब. वाटलं, आता पाणी मिळंल."

गुन्हा करणाऱ्याला पोलिसाची भीती वाटते, असा माझा समज होता. या माणसाला भुताची जास्त वाटली, आणि त्या भीतीने जिवंत माणूस जवळजवळ मारलाच होता. तेव्हापासून अमक्या ठिकाणी हाक ऐकू येते असं कोणी सांगितलं, की मी अंगाऱ्या-धुपाऱ्याची चौकशी करत नाही. पाण्याची बाटली घेतो आणि निघतो.